बोटीचं खरं वजन: कॅटलिना २२, एक मिनीव्हॅन आणि ३,८०० पौंड

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी दादाने बोट घेतली. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. मूळ मालवणचा, गेली अठरा वर्षं मिशिगनमध्ये अ‍ॅन आर्बरजवळ राहतो, आणि मी त्याच्यापासून दहा मिनिटांवर. समुद्र सोडून आलेल्या माणसाला शिडाची बोट हवी असते तेव्हा त्याला कोणी अडवू नये, असं माझं मत आहे. त्यामुळे लेक ईरीकाठच्या मन्रो गावात बोट आणायला निघालो तेव्हा मी आनंदाने शेजारच्या सीटवर बसले.

बोट १९८३ची कॅटलिना २२. फ्रँक बटलर यांनी १९६९ मध्ये ही बोट बाजारात आणली आणि पुढे तिच्या पंधरा हजारांहून जास्त प्रती बनल्या, म्हणून अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या तळ्यावर ती दिसतेच. लांबी साडेएकवीस फूट. पोटाखाली ५५० पौंडांची ओतीव लोखंडी कील, म्हणजे बोटीला तोल देणारं पातं, जे खिळीवर फिरून वर येतं. कील खाली असताना बोटीला पाच फूट पाणी लागतं, वर घेतली की दोन फूट. कील घडी होते म्हणून बोट ट्रेलरवर खाली बसते, पाण्यात उतरत जाणाऱ्या साध्या धक्क्यावरून सोडता येते आणि घरच्या गाडीने ओढून नेता येते. लोक ती याचसाठी घेतात. निदान तशी समजूत असते.

दादाचा हिशोब सरळ होता. कंपनीच्या पत्रकात वजन २,२५० पौंड, म्हणजे साधारण १,०२० किलो. विकणारा म्हणाला, ट्रेलर आठशेच्या आसपास. एकूण ३,०५०. दादाकडे टोयोटा सिएना, पेट्रोल व्ही-६ इंजिनवाली. ओढायची सोय केलेल्या त्या गाडीची मर्यादा ३,५०० पौंड, आणि हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचा गाडीमागचा आकडा, त्याच्या गोळ्यावरची मर्यादा ३५०. म्हणजे साडेचारशे पौंड शिल्लक. माझं रोजचं काम गाड्यांच्या चाचण्यांशी संबंधित आहे, तरीही मी तो हिशोब ऐकून मान हलवली. तिथेच थांबून विचारायला हवं होतं, की यातला कुठला आकडा कोणी प्रत्यक्ष मोजलाय?

मन्रोहून एम-५० ने डंडीपर्यंत आलो, काही जाणवलं नाही. तिथून यूएस-२३ वर उत्तरेकडे लागलो. ताशी ५८ मैलांवर असताना डावीकडून एक अठराचाकी ट्रक पुढे गेला आणि मागून कोणीतरी गाडीची शेपटी धरून हलवावी तसं झालं. एकदा उजवीकडे, मग डावीकडे, मग पहिल्यापेक्षा जास्त उजवीकडे. दादाने नेमकं योग्य केलं: ब्रेकला हात लावला नाही, स्टिअरिंग उलटसुलट फिरवलं नाही, फक्त अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला. आठ-दहा सेकंदांत ट्रेलर शांत झाला. पुढच्या एक्झिटला उतरलो आणि आतल्या रस्त्यांनी, पस्तीस-चाळीसच्या वेगाने घरी आलो.

अंगणात गाडी लावल्यावर तो म्हणाला, "वारा होता गं."

"वारा होता, पण दादा, आपल्याला हिचं वजनच माहीत नाही. तुला विकणाऱ्याने सांगितलं, मला पत्रकाने सांगितलं. मोजलंय कोणी?"

पत्रकातला आकडा कशाचा

२,२५० हा आकडा खोटा नव्हता. तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर होता. बोटीच्या पत्रकात जे लिहितात त्याला डिस्प्लेसमेंट म्हणतात: बोट तरंगताना जेवढं पाणी बाजूला सारते त्या पाण्याचं वजन. आर्किमिडीजच्या नियमाने ते त्या क्षणी बोटीच्या वजनाइतकंच असतं. पण कुठल्या क्षणी? शीड आणि इंजिन नसलेली, कारखान्यातून नुकती निघालेली बोट, की दोन माणसं, पाणी आणि नांगर घेऊन निघालेली बोट? प्रत्येक कंपनी यात काय धरते ते वेगळं. छोट्या शिडाच्या बोटींच्या बाबतीत तो आकडा बहुतेक वेळा सांगाडा, कील आणि डोलकाठी एवढ्याचाच असतो. इंजिन, बॅटरी, शिडं, गाद्या, नांगर, साखळी, पेट्रोल हे सगळं मालक नंतर चढवतो आणि त्याची नोंद कुठेच होत नाही.

दुसरं म्हणजे या बोटी हाताने घातलेल्या फायबरग्लासच्या. काचेचे धागे चिकटवणारं रेझिन कमीजास्त लागतं, त्यामुळे एकाच साच्यातल्या दोन बोटी सारख्या वजनाच्या निघत नाहीत. त्यात चाळीस वर्षं. तळावर रंगाचे थर चढतात, डेकच्या थरांमधलं लाकूड पाणी पितं, मधल्या मालकांनी बसवलेल्या वस्तू राहून जातात.

काही बोटींत नीरम म्हणूनही पाणीच वापरतात. नीरम म्हणजे बोट उलटू नये म्हणून तळाशी ठेवलेलं वजन. आपल्याकडे दगडाचं असायचं. मॅकग्रेगर २६एम या बोटीत जवळजवळ १,१५० पौंड पाणी नीरम म्हणून भरतात. ते पाण्यातून बाहेर काढताना सोडून द्यायचं असतं. झडप नीट उघडली नाही तर तेवढं वजन ट्रेलरवर बसूनच हायवेला लागतं, आणि पत्रकातलं रिकाम्या बोटीचं वजन वाचून निघालेल्याला ते कळतही नाही.

काट्यावर

माझं आजोळ कोल्हापूरकडचं आणि उसाचं. साखर कारखान्यावर भरलेली ट्रॉली काट्यावर चढते, पावती निघते, ऊस उतरवला की रिकामी ट्रॉली पुन्हा काट्यावर, आणि दोन्हींतली वजाबाकी म्हणजे ऊस. काटामारीवरून आंदोलनं होतात, कारण शेतकऱ्याच्या हातात दुसरं मोजमाप नसतं. लहानपणी पाहिलेली ती पद्धत जशीच्या तशी इथे लागू झाली.

अमेरिकेत खासगी माणसासाठी सगळ्यात सोयीचा काटा म्हणजे ट्रकस्टॉपवरचा. १९७७ पासून चालत आलेल्या कॅट स्केलचे काटे देशभर आहेत. एकापुढे एक तीन वेगळे प्लॅटफॉर्म असतात, त्यामुळे पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलरची चाकं यांचं वजन स्वतंत्र मिळतं. वजन २० पौंडांच्या टप्प्याने येतं. पैसे थोडे लागतात, आणि त्याच ठिकाणी चोवीस तासांत पुन्हा वजन केलं तर त्याहून कमी.

रविवारी सकाळी सात वाजता, ट्रकची गर्दी नसताना, आय-९४ वर डेक्स्टरच्या ट्रकस्टॉपवर गेलो. आतल्या रस्त्यांनी, तीसच्या वेगाने. काट्यावर चढताना मी खाली उतरले आणि दादाला हाताने खुणा करत पुढे घेतलं, कारण गाडीची पुढची चाकं पहिल्या प्लॅटफॉर्मवर आणि मागची दुसऱ्यावर पडायला हवीत; फट नेमकी दोन्हींच्या मधे. मग पुन्हा गाडीत बसले. ही गोष्ट महत्त्वाची आहे: दोन्ही वेळा गाडीत तीच माणसं हवीत, टाकीत तेवढंच पेट्रोल हवं. नाहीतर माझंच वजन बोटीच्या खात्यात जाईल.

पहिली पावती, ट्रेलर जोडलेला असताना:

पुढची चाकं २,६४०
मागची चाकं २,५४०
ट्रेलरची चाकं ३,५६०
एकूण ८,७४०

मग आवाराच्या कोपऱ्यात, चाकांखाली लाकडी ठोकळे देऊन, ट्रेलर सोडला आणि नुसती गाडी काट्यावर नेली. पुढची चाकं २,७४०, मागची २,२००, एकूण ४,९४०.

८,७४० वजा ४,९४०: ३,८०० पौंड. किलोमध्ये १,७२४.

दादा बराच वेळ काही बोलला नाही. त्याच्या हिशोबात ३,०५० होतं. गाडीची मर्यादा ३,५००. साडेचारशे शिल्लक असल्याच्या भरवशावर आम्ही मर्यादेपेक्षा तीनशे पौंड जास्त ओढत आणले होते.

इथे एक चूक फार जण करतात. पावतीवर "ट्रेलर अ‍ॅक्सल" असं लिहिलेला ३,५६० हा आकडा वाचतात आणि तेच ट्रेलरचं वजन समजतात. तसं नाही. ट्रेलरचा काही भार त्याच्या पुढच्या दांडीतून गाडीच्या हिचवर बसतो आणि तो गाडीच्या चाकांखाली मोजला जातो. ३,८०० मधून ३,५६० गेले, उरले २४०. हा दांडीवरचा भार, ज्याला इथे टंग वेट म्हणतात.

त्या शनिवारच्या हेलकाव्यांचं उत्तर याच २४० मध्ये होतं. इथल्या ट्रेलरसाठी दांडीवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार असावा असा दंडक आहे. आमचा होता ६.३ टक्के. दांडी हलकी म्हणजे वजन हवं त्यापेक्षा मागे सरकलेलं. मग ट्रकच्या वाऱ्याने ट्रेलरला एक धक्का बसला की मागचं वजन त्याला आणखी ओढतं आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. युरोपात याहून कमी भार चालतो, पण तिथले ट्रेलर, गाड्या आणि वेगमर्यादा त्या बेताने ठरलेल्या असतात. तिथला आकडा उचलून इथे लावता येत नाही.

पावतीत आणखी एक गोष्ट दिसत होती. ट्रेलर जोडल्यावर पुढची चाकं शंभर पौंडांनी हलकी झाली आणि मागची ३४० पौंडांनी जड. दांडीवर फक्त २४० असताना मागे ३४० कसे? हिच मागच्या चाकांच्या पलीकडे असतो, त्यामुळे तो सी-सॉसारखा पुढचा भाग उचलतो. सिएना पुढच्या चाकांनी चालते. शेवाळलेल्या ओल्या धक्क्यावरून बोट वर ओढताना नेमकी तीच चाकं हलकी झालेली असतात.

मग मी गुडघ्यावर बसून टायर वाचले. एसटी२०५/७५आर१४, लोड रेंज सी: ५० पीएसआय हवेला एका टायरची क्षमता १,७६० पौंड. दोन टायर ३,५२०. त्यांच्यावर होते ३,५६०. अ‍ॅक्सलची क्षमता लिहिलेली पट्टी चंदेरी रंगाखाली दडली होती. नाण्याने खरवडल्यावर दिसली, ३,५००. आणि टायरवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार अंक, जे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात, ते अकरा वर्षांपूर्वीचे होते. गाडी, अ‍ॅक्सल, टायर, तिन्ही मर्यादा एकाच वेळी ओलांडलेल्या.

साडेसातशे पौंड आले कुठून

ट्रेलर जोडून रिकाम्या रस्त्याने घरी आलो, आणि त्या दुपारी बोट अक्षरशः रिकामी केली. वहिनीने बाथरूममधला काटा अंगणात आणून फळीवर ठेवला. वस्तू हातात घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग नुसतं उभं राहायचं, आणि वजाबाकी करायची. दादाची मुलगी वहीत लिहीत होती.

इंजिन सगळ्यात मोठं: आठ हॉर्सपॉवरचं चार-स्ट्रोक, ८८ पौंड. दोघांनी मिळून धरावं लागलं. पेट्रोलची टाकी, निम्म्याहून जास्त भरलेली, ३०. बॅटरी ४८. नांगर मी हलका समजले होते. पण नांगर, पंधरा फूट साखळी आणि ओलसर, वाळू भरलेला दोर मिळून ३८ निघाले. साखळीच्या कड्यांमधून गंजाचा लाल चुरा फळीवर पडला तो अजून आहे. तीन शिडं पिशव्यांसकट ४२. गाद्या ४०, त्यातली पुढच्या टोकाची गादी दाबली तेव्हा शिवणीतून पाणी आलं. मोरीखालच्या टाकीत पाच गॅलन पाणी होतं, गॅलनला ८.३४ पौंड, म्हणजे ४२. लाइफ जॅकेट, वल्हं, हत्यारांची पेटी, शेगडी, फिरता संडास, बर्फाची पेटी मिळून ६२.

एकूण ३९०.

हिशोबात न बसणारे होते ७५०. उरले ३६०, आणि दोघांचं मत इथे फुटलं. दादाला खात्री होती की डेकमधलं लाकूड पाणी पिऊन फुगलंय. तो स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे टकटक करत फिरला. डोलकाठीच्या पायथ्याशी एका वीतभर जागेत आवाज बसका आला, बाकी डेक खणखणीत. वीतभर ओलं लाकूड ३६० पौंड देत नाही. माझा संशय ट्रेलरवर होता. "आठशेच्या आसपास" हा आकडा मूळ ट्रेलरचा असेलही, पण या ट्रेलरवर चाळीस वर्षांत लोकांनी काय काय जोडलं होतं ते समोर दिसत होतं: उथळ धक्क्यासाठी दांडीच्या आत सरकणारा पोलादी नळ, डोलकाठी टेकवायचा खांब, जादा चाक आणि त्याचा स्टँड, दोन्ही बाजूंना चालायच्या फळ्या, आणि बोट जिच्यावर बसते त्या गालिचा ठोकलेल्या जाड लाकडी पट्ट्या.

पण रिकामा ट्रेलर मोजायचा तर बोट पाण्यात हवी, आणि ती पाण्यापर्यंत न्यायची कशाने, हा प्रश्न आधी सोडवायला हवा होता.

गाडी बदलायची, बोट नाही

दादाचा पहिला विचार साहजिक होता: सामान काढून व्हॅनमध्ये ठेवू. आम्ही तो आकड्यांवर तपासला. बॅटरी आणि नांगर सोडून बाकी सगळं काढलं तर ३०४ पौंड कमी होतात आणि ट्रेलर ३,५०० च्या आसपास येतो. बरोबर मर्यादेवर. आता दांडीवरचा भार किमान १० टक्के करायचा म्हणजे ३५०, आणि व्हॅनच्या हिचची मर्यादाही ३५०. दहाच्या वर थोडंसं गेलं की हिचची मर्यादा मोडते, दहाच्या खाली राहिलं की ट्रेलर डोलतो. मधे सुरक्षित जागा उरतच नव्हती. शिवाय काढलेलं सामान व्हॅनमध्ये जाणार, माणसं वाढणार, आणि उत्तरेकडे ट्रॅव्हर्स सिटीला जायचं तर वाटेत चढउतार आहेत.

मी दादाला स्पष्ट सांगितलं, या व्हॅनने ही बोट ओढायची नाही. त्याला ते लागलं, मला कळत होतं. व्हॅन आणि बोट एवढ्यावरच त्याने उन्हाळ्याची स्वप्नं मांडली होती. पण मागच्या सीटवर त्याची मुलं बसणार होती.

तोडगा असा निघाला: मोसमभर बोट धक्क्यावर भाड्याच्या जागी ठेवायची आणि वर्षातून दोनदा, मे अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये, एका मित्राच्या पिकअपने ओढायची. त्याची मर्यादा आमच्या गरजेच्या दुपटीहून जास्त आहे. पुढेमागे ५,००० पौंडांची गाडी घ्यायची ठरलं तर तेव्हा बघू.

पण चांगली गाडी आणली म्हणून डोलणारा ट्रेलर सुधारत नाही. तो ट्रेलरवरच दुरुस्त करावा लागतो. दांडीपासून चाकांपर्यंतचं अंतर मोजलं: सोळा फूट. इंजिन बोटीच्या मागच्या फळीवर, चाकांच्या साधारण आठ फूट मागे लटकतं. म्हणजे ८८ पौंडांचं इंजिन दांडीवरून ४४ पौंड उचलून घेतं. ते ओढायच्या वेळी गाडीत ठेवायचं ठरलं. पेट्रोलची टाकी आणि कॉकपिटमधल्या, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या जागेतल्या, वस्तूही मागेच होत्या. नांगर मात्र नाळेतच, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकातच, ठेवला, कारण तो पुढे राहून दांडी जड करतो. वजन कमी करायच्या भरात तो काढला असता तर उलटं झालं असतं.

मग बोटच सहा इंच पुढे घेतली. सुमारे २,४०० पौंड सहा इंच पुढे गेले आणि अंतर १९२ इंच, म्हणजे दांडीवर पंचाहत्तरच्या आसपास वाढ. ऐकायला सोपं, करायला अख्खा दिवस. बोट ट्रेलरवर ओढून घ्यायच्या विंचचा खांब सुटेना. बोल्ट रात्रभर तेलात भिजवून मग लांब पान्याने हलले. बोट पुढे गेल्यावर मागची फळी लाकडी पट्ट्यांवरच टेकलेली राहते ना, हे दोनदा पाहिलं, कारण पट्ट्या आधीच संपल्या तर तिथे तळाला बाक येतो. कीलखालचा आडवा आधारही तेवढाच पुढे सरकवला. ५५० पौंडांची कील रस्त्यावर फक्त तारेवर लटकत ठेवू नये. ती आधारावर टेकलेली हवी.

काट्यावर जाण्याआधी दांडीवरचा भार घरीच तपासला. बाथरूमचा काटा एवढं वजन थेट झेलत नाही, म्हणून एक जाड फळी घेतली, एक टोक विटेवर आणि दुसरं चार फुटांवर काट्यावर. नुसत्या फळीचा आकडा आधी टिपून ठेवला. मग जॅकने दांडी हळूच फळीवर उतरवली, विटेपासून एक फुटावर. फळीचं वजन वजा करून जो आकडा येतो त्याला चारने गुणायचं. आमचा आला ९६, म्हणजे ३८४.

टायर नवे घातले, ब्रेकचं काम एका मेकॅनिककडून करून घेतलं. इथल्या बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांच्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. आमच्या ट्रेलरला ब्रेक होते, ज्यात गाडी थांबली की ट्रेलर पुढे ढकलतो आणि त्या दाबानेच ब्रेक लागतो, पण दट्ट्या गंजून अडकला होता.

मे अखेरचं वजन

पिकअप एकटा, आम्ही दोघं आत: ५,५६०. बोटीसकट: पुढची चाकं ३,०२०, मागची २,९२०, ट्रेलर ३,१२०, एकूण ९,०६०. म्हणजे ट्रेलर बोटीसह ३,५००, दांडीवर ३८०, जवळजवळ ११ टक्के. फळीवरच्या आकड्यात आणि काट्यात चारच पौंडांचा फरक, आणि तो काट्याच्या वीस पौंडांच्या टप्प्यात बुडून जातो. अ‍ॅक्सल आणि टायर दोन्ही मर्यादेच्या चांगले आत. हायवेवर ६० च्या वेगाने ट्रक शेजारून गेले तेव्हा दादा आरशात बघत होता. ट्रेलर सरळ होता.

जवळच्या तळ्यावर बोट पाण्यात सोडली आणि रिकामा ट्रेलर घेऊन त्याच दिवशी परत काट्यावर. ६,६८०. वजा ५,५६०. ट्रेलर १,१२० पौंड, सांगितलेल्या आठशेपेक्षा ३२० जास्त.

आता हिशोब पूर्ण जुळला: सामान ३९०, ट्रेलर ३२०, बेरीज ७१०. राहिलेले ४० पौंड चाळीस वर्षांचा रंग असेल, वीतभर ओलं लाकूड असेल किंवा साच्यातलं जास्तीचं रेझिन. प्रत्येक पावती वीस पौंडांच्या टप्प्याने येत असताना त्या चाळिसांवर वाद घालण्यात अर्थ नाही. नुसती बोट पत्रकाच्या जवळपासच होती. चुकीचं होतं ते तिला तेवढ्यावर मोजणं.

सामान परत चढवल्यावर दादा धक्क्यावर आडवा झाला आणि हात लांब करून पाणरेषेपाशी पट्टी धरली. मी आधी अंदाज केला होता: पाण्याच्या पातळीवर बोटीचं क्षेत्रफळ साधारण ८४ चौरस फूट, गोड्या पाण्याचं वजन घनफुटाला ६२.४ पौंड, म्हणजे एक इंच खाली बसायला ४३५ पौंडांच्या आसपास लागतात. पत्रकापेक्षा आमची बोट सामानासकट ४३० नी जड. बोटीवर पाणरेषेपाशी रंगवलेल्या जुन्या पट्ट्याच्या खालच्या कडेपेक्षा पाणी साधारण इंचभर वर होतं. त्या पट्ट्याची रेषा कोणी, कधी, किती काळजीने मारली ते सांगता येत नाही, म्हणून एकट्या त्यावर निर्णय घ्यायचा नाही. पण दादा पट्टी हातात धरून हसत उठला. मालवणला होडी किती भरलीय ते जाणती माणसं अशीच पाणरेषेवरून सांगायची, म्हणाला.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात बोट बाहेर काढली. इंजिन गाडीत, टाक्या रिकाम्या, नांगर नाळेत, सगळं मे महिन्यासारखं. काट्यावर आला ३,५६०. साठ पौंड जास्त.

दादा म्हणाला, "दोर ओले असतील." दोर ओले होते, पण साठ पौंडांचे नव्हते. घरी आल्यावर त्याने केबिनमधली फळी उचलून टॉर्च मारला. मागच्या झाकणाच्या फाटलेल्या रबरातून उन्हाळाभर पाऊस आत उतरला होता. हातपंपाने उपसलं तेव्हा दोन बादल्या भरल्या, काठोकाठ.